प्रवासाला आणि शिवणकामाला एकच छोटी वाफेची इस्त्री: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गोरेगावला घरीच ब्लाउज आणि कापडी पिशव्या शिवते. शनिवार-रविवार चार-पाच जणी शिकायला येतात. मशीन कुठलं घेऊ, हे एकदाच विचारलं जातं. इस्त्री कुठली घेऊ, हे मात्र दर बॅचला. त्यात कुणी लेकीकडे अमेरिकेला निघालेली असते, कुणी गणपतीला गावी. दोन्ही कामांना एकच छोटी इस्त्री चालेल का, असं सगळ्यांनाच हवं असतं. चालते, पण निवडताना थोडं बघावं लागतं. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवते.

घरात मोठी इस्त्री आहे. मग ही छोटी कशाला?

जागेसाठी. आमच्याकडे इस्त्रीचं टेबल उघडायचं तर आधी जेवणाचं मिटावं लागतं. शिवताना तर प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री लागते. टक्स घातला की इस्त्री, खांदा जोडला की इस्त्री. दरवेळी उठून पलीकडे जायचं असेल तर माणूस दोनदा जातो आणि तिसऱ्यांदा नखानेच शिवण दाबतो. मग ब्लाउज घरगुती दिसतो आणि आपण मशीनला नावं ठेवतो. माझी छोटी इस्त्री मशीनच्या डाव्या हाताला एका जुन्या फरशीच्या तुकड्यावर उभी असते. खुर्चीतून न उठता हात पोचतो.

पण तुमचं काम फक्त ऑफिसचे शर्ट आणि चादरी एवढंच असेल, तर घेऊ नका. एवढ्याशा तळव्याने डबलबेडची चादर करायला बसलात तर चहा दोनदा गार होईल.

छोटी म्हणजे नेमकी किती छोटी?

प्रवासी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाफेच्या इस्त्र्या पाऊण ते एक किलोच्या आसपास असतात. तळवा एक वीतभर किंवा त्याहून थोडा लहान, टाकी ५०-८० मिलिलिटरची, म्हणजे अर्धा कप पाण्याचीसुद्धा नाही. घरच्या वाफेच्या इस्त्रीत २०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त पाणी मावतं.

फोटोवरून काही कळत नाही. खोक्यावर तळव्याची लांबी-रुंदी दिलेली असते. तेवढा पुठ्ठा कापा आणि शिवलेल्या बाहीत घालून बघा. बाहीत सहज फिरला तर माप बरोबर. त्यानंतर टोक बघा. काही प्रवासी इस्त्र्या पुढून अंड्यासारख्या गोल असतात. शर्टाला त्या चालतात, पण कॉलरच्या कोपऱ्यात, चुणीच्या मुळाशी किंवा हुकपट्टीच्या कडेला गेल्या की अडतात. शिवणकामासाठी टोक होडीच्या नाळेसारखं निमुळतं हवं.

हस्तकलेच्या दुकानात बोटाएवढ्या तळव्याची मिनी इस्त्री मिळते, ती वेगळी. ती बाहुलीच्या कपड्यांना आणि गोधडीच्या बारीक तुकड्यांना छान, पण प्रवासात तिने कुर्ता होणार नाही.

किती वॅटची घेऊ?

८०० ते १२०० च्या मधली. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. घरातला साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे त्यावर फार तर १३८० वॅट. त्याहून जास्त वॅटच्या इस्त्रीला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो, आणि जुन्या चाळींत तो असलाच तर फक्त गिझरपाशी किंवा फ्रिजपाशी. शिवणयंत्र, दिवा आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, इस्त्री थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. बोर्डाची वायर हाताला कोमट लागली, की तिच्यावर झेपतंय त्यापेक्षा जास्त चाललंय.

मुंबईत छान चालते, गावी नेली की तापतच नाही. बिघडली का?

नाही हो. गावी व्होल्टेज कमी असतं. व्होल्टेज थोडं उतरलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या (व्होल्ट गुणिले व्होल्ट) हिशोबाने उतरते. १००० वॅटची इस्त्री १८० व्होल्टवर साधारण ६१० वॅटचीच राहते. गणपतीत घरोघरी पंखे, माळा, मिक्सर एकदम सुरू, त्यामुळे संध्याकाळी आणखी बिकट. अशा वेळी वाफ बंद ठेवा, कारण वाफ तळव्याची उष्णता खाते आणि अर्धवट तापलेल्या तळव्यातून थेट पाणी गळतं. कापडावर पाणी शिंपडून कोरडी इस्त्री करा. आरतीच्या आधी सगळ्यांचे सदरे करायचे असतील तर सकाळीच उरकून घ्या.

परदेशात चालेल ना?

इस्त्रीच्या मागे किंवा बुडाशी छापलेलं वाचा. फक्त २२०–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर दुबई, सिंगापूर, लंडन, युरोप इथे चालेल; पिन तेवढी बदलावी लागेल. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००. आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत पावणेतीनशे वॅटची होते आणि जपानात त्याहून कमी. इस्त्री जळत नाही, नुसती कोमट होऊन बसते.

उलटं मात्र महागात पडतं. अमेरिकेतून कुणी हौसेने आणलेली १२० व्होल्टची इस्त्री इथल्या सॉकेटला लावली, की तिच्यातून जवळपास पावणेचारपट वीज खेचली जाते. काही सेकंदांत वास, धूर आणि विषय संपला.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी दोन्ही व्होल्टेजची घ्यावी. तिच्यावर ११०-१२० आणि २२०-२४० असं छोटं बटण असतं, बहुतेक वेळा ते नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवावं लागतं, म्हणजे चुकून सरकू नये. तिकडे जाताना ते बदलायचं लक्षात राहतं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत इस्त्री लावताना राहत नाही! म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीने पिनेलाच लाल दोरा बांधलाय: दोरा सोडल्याशिवाय पिन लावायची नाही, आणि सोडताना बटण बघायचं.

मग कुठलाही ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर चालेल?

अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. मोबाईलसाठी घेतलेल्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरवर इस्त्री लावू नका, आणि तिसरी पिन म्हणजे अर्थिंग पुढे जोडलेलं आहे का तेही तपासा. दोन पिनांचा जुगाड धातूच्या आणि पाण्याच्या वस्तूला नकोच.

वाफ जास्त देणारी बघू का?

सगळ्या जाहिराती वाफेवर, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथेच. शिवणकामात खरं काम उष्णता आणि दाब करतात, वाफ मदतीला. दमट धागा गरम झाला की नरम पडतो, दाबून ठेवला की तो आकार घेतो, आणि तसाच वाळू दिला की आकार टिकतो. यातला दमटपणा फुलांवर पाणी मारायच्या बाटलीतूनही मिळतो. छोट्या इस्त्रीची टाकी तशीही पाच-सात मिनिटांत रिकामी होते, आणि तिची हलकी काया दाब देत नाही. तो तुमच्या हाताने द्यावा लागतो.

म्हणून वाफेचे आकडे मी शेवटी बघते. त्याआधी बघते ते वाफ पूर्ण बंद करता येते का. काही स्वस्त इस्त्र्यांत पाणी भरलं की वाफ येतच राहते, बंद करायची सोयच नसते. अशी घेऊ नका.

आणि शिवताना इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची. ठेवली, दाबली, उचलली, पुढे ठेवली. फिरवली की तिरप्या कापातलं कापड ताणलं जातं आणि गळ्याला झोल येतो. मुंढा शिवून झाल्यावर आधी शिवण जशी आहे तशी बंद स्थितीत दाबा, टाका कापडात बसतो. मग आतले पदर उघडून टोकाने दाबा. इस्त्री उचलल्यावर त्या जागी दोन क्षण हात ठेवून कापड गार होऊ द्या. गरम असताना उचललंत तर शिवण परत मिटते. हे एवढं केलंत तर निम्मा फरक इथेच दिसेल.

पाणी का गळतं?

तळवा पुरेसा तापण्याआधी वाफेचं बटण उघडल्यामुळे, नव्वद टक्के वेळा. डायलवर ठिपके असतात आणि कपड्याच्या लेबलवर छापलेले ठिपकेही तेच सांगतात: एक म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एका ठिपक्यावर पाण्याची वाफ नीट होत नाही, म्हणून वाफ दोनच्या पुढे. इस्त्रीवरचा दिवा विझला की लगेच सुरुवात करू नका. छोट्या तळव्यात उष्णता साठत नाही, त्यामुळे एकदा विझू द्या, परत लागून पुन्हा विझू द्या, मग वाफ उघडा. पहिला फवारा जुन्या फडक्यावर.

हे मी शहाणपणाने नाही, ठेच लागून शिकले. एका गिऱ्हाईकाचा मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउज, लग्न दुसऱ्या दिवशी, हुक लावून झालेले. शेवटचा हात म्हणून इस्त्री टेकवली आणि टाकीतून गढूळ पाण्याचे तीन थेंब उजव्या कटोरीवर पडले. रुपयाएवढे डाग. रात्री साडेदहाला त्या बाईंकडे उरलेला ब्लाउजपीस मागितला, सुदैवाने तो पुरला, आणि कटोरी उसवून नवी लावली. तेव्हापासून रेशमाच्या कामाला टाकी रिकामी.

मग पैठणी, खण, जरीचं काय?

रेशमाला एक ते दोन ठिपके, उलट्या बाजूने, वर मलमलचं कोरडं फडकं. जरीवर इस्त्री थेट टेकवायची नाही. खोट्या जरीत प्लॅस्टिकचा धागा असतो, तो आक्रसला की काठ कायमचा चुरगळतो. पदराला तर मी छोट्या इस्त्रीने हातच लावत नाही. पैठणीला रोल-प्रेसवालाच बरा.

खणाचं वेगळं. बाजारात सुती, रेशमी, पॉलिएस्टर असं सगळंच खण म्हणून मिळतं आणि दुकानदार विचारलं की सुतीच म्हणतो. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आणि राख उरली तर सूत. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि तीन ठिपक्यांवर तो तुमच्या तळव्यालाही चिकटेल.

चिकटणारा कॅनव्हास छोट्या इस्त्रीने बसतो का?

बसतो, वेळ लागतो. दुकानात याला फ्युजिंग म्हणतात. गळपट्टी, कॉलर, पिशवीच्या बंदांना लागतं. गोंदाची चकाकणारी बाजू कापडाकडे, वर किंचित ओलं फडकं, आणि दहा-बारा सेकंद पूर्ण भार देऊन इस्त्री एका जागी. मग उचलून शेजारी, आधीच्या जागेवर थोडी चढवून. सरकवलीत की फ्युजिंग दुमडतं. छोट्या इस्त्रीची अडचण वाफेच्या छिद्रांची: तळवा लहान, छिद्रं त्यामानाने मोठी, छिद्राखाली दाब पडत नाही आणि तिथे फुगा राहतो. म्हणून पुढच्या टोकाला सलग पत्रा असलेला तळवा शोधा, किंवा दुसऱ्या फेरीत इस्त्री अर्धा तळवा सरकवून ठेवा. पूर्ण शर्टाचं किंवा दहा पिशव्यांचं काम असेल तर जुनी जड कोरडी इस्त्रीच काढा. मी तेच करते.

तळवा कुठला? सिरॅमिक, स्टील की नॉन-स्टिक?

नॉन-स्टिक सरकतो छान, पण चेन, हुक आणि टाचण्यांवरून एकदा गेला की चरा पडतो, आणि शिवणकामात हे होणारच. स्टील टिकाऊ. सिरॅमिक मधलं, फक्त फरशीवर आपटलं की टवका उडतो. फ्युजिंगचा गोंद कशालाही चिकटतो. तो गरम असताना जाड सुती फडक्यावर मीठ पसरून घासला की निघतो. हे फक्त स्टीलला, नॉन-स्टिकला मीठ लावू नका.

त्यापेक्षा हातात धरायचा स्टीमर का नको?

फक्त प्रवास असेल तर जरूर घ्या. हँगरवर लटकवलेला कुर्ता, जॉर्जेटची साडी, ब्लेझर यांना तो इस्त्रीपेक्षा बरा. कडक सुती शर्टाची कॉलर आणि पँटची घडी त्याने होत नाही. शिवणकामात तर दाबच नसल्याने त्याचा उपयोग जवळपास शून्य. तळवा सपाट तापणारे, आडवे धरूनही वाफ देणारे काही स्टीमर आहेत, पण टोक त्यांनाही नसतं.

पाणी कुठलं भरू?

मुंबईला पालिकेचं पाणी भातसा, तानसा, मोडक सागर, वैतरणेची दोन धरणं, विहार आणि तुळशी इथून येतं. पावसाचं साठवलेलं, त्यामुळे क्षार बेताचे, नळाचं चालतं. टँकर किंवा बोअरवेलचं असेल तर नको. ओळख सोपी: किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो का बघा. धरत असेल तर आरओ फिल्टरचं पाणी वापरा, साध्या फिल्टरने क्षार जात नाहीत. गुलाबपाणी, अत्तराचे थेंब, एसीतून गळलेलं पाणी, व्हिनेगर, यातलं काही टाकीत घालू नका. प्रत्येक वेळी काम झालं की पाणी ओतून टाका. छोट्या इस्त्र्या आठवड्यातून एकदा वापरल्या जातात आणि आत उरलेलं घोटभर पाणीच पुढे तपकिरी होऊन बाहेर येतं. माझ्या त्या तीन थेंबांचं मूळ हेच होतं.

विमानात, रेल्वेत नेता येते?

विमानात चेक-इन सामानात ठेवा. हातसामानाच्या ७ किलोंतला एक किलो तिच्यावर कशाला घालवायचा, आणि तपासणीत बॅग उघडायला लावतील ते वेगळंच. टाकी आदल्या रात्रीच रिकामी करून झाकण उघडं ठेवा. निघायच्या सकाळी इस्त्री केलीत तर गार व्हायला निदान अर्धा तास द्या. गरम तळव्याभोवती वायर गुंडाळली तर वायरचं आवरण मऊ पडून चिरतं. वायर सैल वेटोळ्यात, इस्त्री जुन्या मोज्यात.

रेल्वेच्या डब्यातला सॉकेट मोबाईल-लॅपटॉपपुरता असतो. तिथे इस्त्री लावायची नाही. हॉटेल बुक करताना आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी मागितल्यावर इस्त्री खोलीत आणून देतात आणि तुमचा हा सगळा खटाटोप वाचतो. पीजी-हॉस्टेलमध्ये उलट, खोलीत इस्त्रीला बंदी असते.

टेबल नसेल तर इस्त्री कशावर करायची?

ओट्यावर सगळ्या जणी करतात. फक्त दगड उष्णता शोषतो आणि वाफेचं पाणी खालून परत कापडात येतं, म्हणून खाली जाड काहीतरी हवं. सगळ्यात उत्तम घोंगडी. खरी लोकरीची, चार पदरी घडी, वर स्वच्छ सुती कापड. लोकर वाफ धरून ठेवते आणि खालूनही उष्णता परत देते, त्यामुळे हलकी इस्त्रीसुद्धा जड असल्यासारखी काम करते. परदेशी गोधडीवाल्या बायका याच कामासाठी लोकरीच्या महागड्या चटया विकत घेतात. आमच्याकडे आजोबांची घोंगडी माळ्यावर पडून होती.

बाहीसाठी लाटणं. त्याला कोरडा पंचा घट्ट गुंडाळा, बाहीत घाला आणि शिवण त्याच्या माथ्यावर आणून टोकाने दाबा. इस्त्री फक्त शिवणीवर टेकते, आतल्या पदरांचे वळ वर उमटत नाहीत. कटोरीच्या गोलाईला पंचाच घट्ट गोळा करून वापरा. लाटणं पोळ्यांचं घेऊ नका, घरात भांडणं होतात.

खरेदी कुठे करू?

मंगलदास मार्केटला कापड घ्यायला जाणारच असाल तर लोहार चाळ तिथून चालत आहे, विजेच्या सामानाची सगळी दुकानं तिथे. ऑनलाइन घेतलीत तरी आधी एखाद्या दुकानात हातात धरून बघा: मूठ तुमच्या पंजाला लहान तर नाही ना, आणि वायर निदान पावणेदोन मीटर आहे ना. इस्त्रीवर आयएसआय शिक्का आपल्याकडे सक्तीचा आहे. शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर (हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपवर टाकून खरा आहे का तपासता येतो. शिक्का नसलेली ‘इंपोर्टेड’ इस्त्री कितीही गोंडस दिसली तरी सोडा.

आपोआप बंद होणारी हवी का?

हवी. छोट्या इस्त्र्यांत ही सोय क्वचित असते. नसेल तर सॉकेटचं बटण डोळ्यांसमोर असेल अशा जागी बसा.

पावसाळ्यात दमट कपडे इस्त्रीनेच वाळवले तर?

जुलैत सगळी मुंबई तेच करते. किंचित दमट असतील तर चालतात, उलट इस्त्री छान बसते, पण वाफ बंद. ओलेचिंब कपडे या इस्त्रीने वाळवायला गेलात तर वीज जाते, वास राहतो. आणि इस्त्री केल्याबरोबर कपाटात ठेवू नका. तासभर पंख्याखाली, मग आत.

खालच्या इस्त्रीवाल्याकडे देऊन टाकलं तर नाही का चालणार?

रोजच्या कपड्यांना चालेल की. माझ्या नवऱ्याचे शर्ट त्याच्याकडेच जातात. पण अर्धा शिवलेला ब्लाउज, एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर, घेऊन तीन मजले उतरायचं आणि त्याला म्हणायचं, भाऊ, एवढा मुंढा दाबून द्या. ते जमणार नाही.